सहा पस्तीसचा ठसा

अण्णांच्या मासिक श्राद्धाची पानं उठली. गुरुजी छत्री काखेत मारून लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा साडेतीन वाजत आले होते. पाच वाजता किनारपट्टीकडच्या त्या निवासी कॉलेजातून फोन यायचा होता. मुलगी येणार, की जागा दुसऱ्याला द्यायची? मैत्रेयीला पाठवायचं हे घरातल्या मोठ्यांच्या मनात ठरलेलंच होतं. फक्त तोंडानं म्हणायचं उरलं होतं.

सुखदाच्याही मनात ठरलं होतं. परवाच फोनवर ती मैत्रेयीच्या बापाला, कृष्णातला, म्हणाली होती, "तुझं बरोबर आहे. अण्णा होते तोवर तिच्यावर एक डोळा होता. आता कोण बघणार?" धाकट्या भावाला बहिणीचा होकार हवा होता आणि होकार देणं सोपं होतं. अण्णा, तिचे वडील, गेल्यापासून महिनाभर ती सगळ्यांना होच म्हणत होती. हो म्हटलं की लोक पुढे बोलत नाहीत.

कृष्णातनं टीपॉयवर दोन गठ्ठे ठेवले. पिवळसर जाड कागदाची लांबट कार्डं, प्रत्येकावर एकतीस ओळी.

"गुरुजींसमोर तमाशा नको म्हणून सकाळपासून गप्प आहे," तो म्हणाला. "अक्का, बघ. हा गठ्ठा रॅकमधला, मैत्रेयीच्या नावाचा. आणि हा दुसरा, बिननावाचा. अण्णांचं घड्याळ बांधून ठेवावं म्हणून आज भिंतीवरून काढलं, तर मागून घसरून खाली पडला."

घड्याळ सोफ्याशेजारी चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. ते भिंतीवरून उतरलेलं सुखदानं आज पहिल्यांदा पाहिलं. जिथे ते होतं तिथे रंगाचा ताजा चौकोन दिसत होता.

होसकोट्याच्या कारखान्यात अण्णांनी चौतीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. हजारभर माणसं रोज त्यांच्या खिडकीसमोरच्या घड्याळात कार्ड घालून, त्यावर वेळेचा ठसा मारून आत जायची आणि कार्ड मारून बाहेर यायची. पुढे बोटाचा ठसा घेणारी यंत्रं आली. जुनं घड्याळ भंगारात निघालं, तेव्हा निवृत्त होणाऱ्या अण्णांनी, कारखान्याच्या रघुनंदन मास्तरांनी, निरोपाची शाल नाकारून ते मागून घेतलं. घरी आणून गोणपाटात बांधलं, आणि अनेक वर्षं ते तसंच पडून होतं. त्याला काम मिळालं ते मैत्रेयी नववीत असताना.

नववीचं ते वर्ष घरात कुणी विसरलं नव्हतं. आईबाप दोघंही इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, मुलगी शाळेतून येऊन व्हिडिओ गेम लावून बसायची ती ते परत येईपर्यंत. चार तास, कधी पाच. क्लास बुडायचे. आईनं, प्रणितानं, मोबाईलमध्ये वेळ मोजणारं ॲप घातलं, मैत्रेयीनं दोन दिवसांत त्याचा पासवर्ड शोधला. तो बदलला, तोही शोधला. रडारड झाली, गेमचा डबा कपाटात गेला, कपाटाची किल्ली सापडली. शेवटी अण्णा म्हणाले, "जिचं मोजायचं तिच्याच हातात माप दिलंत, मग कसं व्हावं?" आणि दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून त्यांनी टीव्हीशेजारी घड्याळ लावलं. रोज सहा ते सात, एक तास. बसताना कार्ड मारायचं, उठताना मारायचं. "मी ओरडणार नाही, विचारणारही नाही. कार्ड काय ते बोलेल. आज दहा मिनिटं जास्त झाली, तर उद्या दहा मिनिटं उशिरा सुरू." पहिल्या आठवड्यात मैत्रेयी तासाच्या वर चाळीस मिनिटं बसली. अण्णा बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सहा चाळीसपर्यंत ती कंट्रोलर मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि तेही शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसले. तीन महिन्यांत ती आपण होऊन उठायला लागली. तेव्हापासून तो आजोबा-नातीमधला व्यवहार होता. बाकी कुणी कार्डांना हात लावत नसे.

"वाच ना," कृष्णात म्हणाला.

सुखदानं मार्चचं कार्ड उचललं. डाव्या रकान्यात येण्याची वेळ, उजव्यात जाण्याची. डावीकडचं काही दिसतच नव्हतं, नुसती राखेसारखी पुसट खूण. उजवीकडे मात्र खाली एकापाठोपाठ एक लाल ठसे होते. सहा पस्तीस. सहा पस्तीस. सहा चौतीस. सहा पस्तीस.

"लाल," कृष्णात म्हणाला. "रोज. एकही दिवस सुटलेला नाही. आपल्या घरात लाल म्हणजे काय ते तुला सांगायला नको."

नको होतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून दुधाच्या उशिरापर्यंत अण्णांकडे प्रत्येक गुन्ह्याला एकच शब्द होता. लाल पडलं. कृष्णात बारावीत एका विषयात नापास झाला, त्या दिवशी अण्णांनी ना हात उगारला, ना आवाज चढवला. इतकंच म्हणाले, "लाल पडलं रे." कृष्णात दोन दिवस जेवला नव्हता.

"आणि आता हे बिननावाचं बघ. इथे डावीकडे लाल. सहा छत्तीस, सहा सदतीस, सहा छत्तीस. कळलं? एका कार्डावर सहा पस्तीसला बाहेर पडायचं, अण्णांना दाखवायचं, की बघा, उठले. आणि ते पाठ वळवून देवापाशी गेले, की मिनिटभरात दुसऱ्या कार्डावर परत आत. मग कधी उठली देव जाणे. या कार्डावर जाण्याची वेळच नाही!"

"दोन कार्डं मारणं," सुखदा पुटपुटली.

"तेच! अण्णा आयुष्यात कुठल्या गोष्टीला माफ करत नव्हते, तर ती ही. एकानं दुसऱ्याचं कार्ड मारणं. आणि हिनं ते त्यांच्याच घड्याळावर केलं. हृदयाच्या नळ्या अडुसष्ट टक्के बंद झालेल्या माणसाला फसवलं."

प्रणिता खिडकीशी उभी होती. "कृष्णात, आवाज. ती आत आहे."

"ऐकू दे."

"मी तिला सकाळी विचारलं, ताई," प्रणिता सुखदाकडे वळून म्हणाली. तिच्या पुण्याच्या स्वच्छ मराठीत रडणं लपत नसे. "म्हटलं, एवढंच सांग की हे कार्ड तुझं आहे की नाही. नुसती बघत राहिली. ना हो, ना नाही. नववीत पण अशीच बघायची. मला तो चेहरा परत बघायचा नाहीये. तिथे होस्टेलवर मोबाईलसुद्धा देत नाहीत. दोन वर्षं सुटतील."

"आगं, जाऊ दे की पोरीला," चंद्राबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. अण्णांची ही धाकटी बहीण सकाळच्या पहिल्या बसनं आनेकलहून आली होती आणि आल्यापासून खिरीच्या पातेल्याशेजारून हलली नव्हती. "रघुअण्णा काय म्हणायचा? खेळ म्हणजे घरात पाळलेला चोर. माझ्या नातवाचा मोबाईल त्यानं मला तांदळाच्या डब्यात पुरायला लावला. सहा महिने! पोरगं भात बघितला की रडायचं. आणि याच्याच घरात चोर दोन-दोन कार्डं घेऊन बसलाय. अय्यो, बरं झालं त्याला कळलं नाही."

"मग ठरलं," कृष्णात म्हणाला. "पाचला फोन आला की हो सांगायचं. अक्का?"

सगळ्यांनी सुखदाकडे पाहिलं. हो म्हणायचं होतं, बस. पण तिच्या हातात बिननावाचं कार्ड होतं आणि अंगठ्याखाली काहीतरी लागत होतं. कोऱ्या दिसणाऱ्या उजव्या रकान्यात कागद खडबडीत होता.

"स्वल्प थांब," ती म्हणाली. चंद्राबाईंचा कानडी शब्द तिच्या तोंडून आपसूक गेला. "मी तिच्याशी बोलून येते."

"काय बोलणार आहेस?"

"माहीत नाही."

दोन्ही गठ्ठे घेऊन ती अण्णांच्या खोलीत गेली.

मैत्रेयी खिडकीखाली जमिनीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती. खाली, दूरवर उंचावरच्या एक्स्प्रेस-वेवर गाड्या मुंगीच्या चालीनं सरकत होत्या. पोरगी वडलांसारखी उंच झाली होती, पण बसणं अण्णांचं होतं, पाठ अगदी ताठ ठेवून.

सुखदा पलंगाच्या कडेवर बसली. होसकोट्याच्या कॉलेजात वीस वर्षं शिकवून तिला एवढं कळलं होतं, की गप्प बसलेल्या मुलाला प्रश्न विचारला की ते आणखी गप्प होतं. तिनं प्रश्न विचारला नाही. कार्ड उजेडाकडे तिरपं धरलं.

जुन्या घड्याळाचा हातोडा मोठ्या जोराचा असतो. फितीवर शाई नसली तरी कागदात आकडा रुतून बसतो. तिरप्या उजेडात तो दिसू लागला. सात शून्य शून्य. खाली पुन्हा सात शून्य शून्य. त्याखालीही सात शून्य शून्य.

तिनं मैत्रेयीचं कार्ड तसंच धरलं. डाव्या रकान्यात पाच अठ्ठावन्न. सहा शून्य शून्य. पाच अठ्ठावन्न.

"काळी शाई संपली होती," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "कारखान्यात सगळे वेळेवर यायचे, म्हणून फितीची काळी बाजू झिजली. लाल फारशी वापरलीच गेली नाही, म्हणून ताजी राहिली. आपण इतका वेळ फक्त लाल वाचत होतो."

मैत्रेयीनं मान वळवली.

सुखदा आठ-नऊ वर्षांची असताना अण्णा एकदा तिला टाइम ऑफिसात घेऊन गेले होते. घड्याळाचं पोट उघडून त्यांनी आतलं दातेरी चाक दाखवलं होतं. भोंगा झाला की हे चाक फीत उचलतं आणि लाल बाजू पुढे येते. सुट्टीच्या भोंग्यापर्यंत लालच. म्हणजे उशिरा आलेला लाल आणि लवकर पळालेला लाल. जो वेळेवर आला आणि पूर्ण वेळ थांबला, तो काळा. "यंत्राला बाकी काही कळत नाही," अण्णा म्हणाले होते. "त्याला वाटतं, जगात कामच आहे."

कामच आहे. सुखदानं दोन्ही कार्डं मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. कामावरून लवकर उठणाऱ्याला शिक्षा म्हणून केलेलं चाक अण्णांनी सहा ते सातवर लावलं होतं, बाकी तसंच ठेवलं होतं. खेळ सोडून लवकर उठणाऱ्या पोरीलाही ते रोज लालच छापत होतं. पंचवीस मिनिटं शिल्लक असताना ती उठत होती. रोज. आणि मिनिटाभरानं दुसरं कुणी येऊन बसत होतं, बरोबर सातला उठत होतं. दोन माणसं, पण तास एकच.

"तू काही सांगू नकोस," ती म्हणाली. "मी वाचते. चुकलं तर तेवढं सांग."

मैत्रेयीनं हनुवटी गुडघ्यावर टेकवली.

"बिननावाचं कार्ड तुझं नाही."

मैत्रेयीनं डोळे उचलून कार्डाकडे पाहिलं.

"ते गेल्या महिन्याच्या चार तारखेला संपतं. पाच तारखेला आपण अण्णांना हॉस्पिटलमध्ये नेलं."

मुलीचे ओठ घट्ट मिटलेले होते. डोळे मात्र भरून आले.

"त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं."

"चंद्राअज्जीला," मैत्रेयी फुटलीच. आजोबांना ती ताता म्हणायची. "आणि बाबाला. ताता म्हणाले, सगळ्या खानदानाला मी उपदेश करून बसलोय, आता कुणाला कळलं तर माझी लाजच जाईल. मी शब्द दिला होता, आत्या. आता ते नाहीत, तर मी... मला शब्दातून सोडवायलाही कुणी नाही ना."

सुखदाला वाटलं, आपण आयुष्यभर एवढी पुस्तकं वाचली, त्यात शब्द पाळणाऱ्यांच्या गोष्टी काय कमी होत्या? पण पंधरा वर्षांची पोर, समोर सामान भरून ठेवलेली बॅग, आणि एक वाक्य बोललं तर सुटका. ती सकाळपासून ते वाक्य बोलली नव्हती.

"मी तुला सोडते," सुखदा म्हणाली. "त्यांची मोठी मुलगी आहे. एवढा अधिकार असेल माझा."

मैत्रेयीनं ओढणीनं नाक पुसलं. मग हळूहळू सगळं आलं. खेळ ट्रकचा होता. बर्फाच्या डोंगरातून माल पोचवायचा. एके दिवशी मैत्रिणीचा फोन आला म्हणून ती मध्येच उठली, तर ताता तिच्या जागेवर येऊन बसलेले. आयुष्यभर सायकलवर कारखान्यात गेलेला माणूस. पहिल्या आठवड्यात ट्रक एकदाही रस्त्यावर राहिला नाही. "सगळी झाडं पाडली, आत्या. एकदा तर पेट्रोल पंपात घुसले आणि ट्रकलाच सॉरी म्हणाले!" दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर उठली, तर ते ऐकेनात. तुझा तास, मी तुझं खाणार नाही. मग ती म्हणाली, मी तर सुटले, आता उरलेला वेळ वायाच जातोय. तेव्हा कुठे तयार झाले, पण एका अटीवर. कार्ड मारल्याशिवाय हात लावणार नाही.

"घाट मी चढवायचे. वर सपाटीला थांबायचं, कार्ड मारायचं. मग खाली ताता उतरवायचे. मला गाडी उतारावर सांभाळत नाही, फार पळवते मी. ते इतके सावकाश जायचे! आणि माहितीये, चौकात कुणी नसलं तरी लाल दिव्याला थांबायचे. गेममध्ये कुणीच थांबत नाही. मी म्हटलं, ताता, पोलीस नाहीत. तर म्हणे, दिवा आहे ना."

सुखदा हसली. महिन्यात पहिल्यांदा. मग तिची नजर मे महिन्याच्या कार्डाच्या तळाशी गेली, आणि तिनं जूनचं कार्ड उचललं.

"मैत्रेयी, चार तारखेनंतर अण्णा नव्हते. तेरावं झाल्यापासून तू परत खेळतेस. कुणी बघत नव्हतं. आईबाबा आठला येतात. तरी तू रोज कार्ड मारलंस."

"हो."

"आणि तरी सहा पस्तीसलाच उठलीस."

मैत्रेयीनं खांदे उडवले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "पुढची पंचवीस मिनिटं तातांची आहेत. मी कशी वापरू?"

"मग ट्रक?"

"वर उभा करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायथ्यापासून." ती थोडं थांबली. "माल अजून पोचलेला नाही."

सुखदानं दोन्ही गठ्ठे उचलले.

हॉलमध्ये ती आली तेव्हा साडेचार होत होते. कृष्णात घड्याळाची चादर दोरीनं बांधत होता.

"कृष्णात, इकडे ये. हात दे."

"काय?"

"दे."

तिनं त्याचा अंगठा बिननावाच्या कार्डावरच्या कोऱ्या रकान्यावर ठेवला. "दाबू नकोस. फिरव. काय लागतंय?"

"काही नाही." मग त्याच्या कपाळावर आठी आली. त्यानं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, दिव्याखाली तिरपं धरलं. "सात."

"सगळीकडे?"

"सात. सात. सात. परत सात." तो एकेक ओळ वाचत खाली गेला. तो टाइम ऑफिसवाल्याचा मुलगा होता, त्याला फार समजवावं लागणार नव्हतं. मे महिन्याच्या चौथ्या ओळीशी त्याचा अंगठा थांबला. त्यानं पुढच्या ओळीवर तो फिरवला, आणखी पुढच्या. मग परत चौथीवर आणला.

"लाल म्हणजे उशिरा आला किंवा लवकर गेला," सुखदा शांतपणे म्हणाली. "ती लवकर गेली. अण्णा उशिरा आले."

"अण्णा?" कृष्णातचा आवाज लहान मुलासारखा निघाला. "आपले अण्णा?"

"काय म्हणतेय ती?" चंद्राबाई खिरीचा डाव घेऊनच बाहेर आल्या. "रघुअण्णा काय?"

"अण्णा खेळायचे, आत्या. रोज पंचवीस मिनिटं. ट्रक चालवायचे. मैत्रेयीनं तिच्या तासातून वेळ काढून त्यांना दिला होता. आणि त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला होता, की विशेषतः तुम्हाला कळता कामा नये."

चंद्राबाईंचं तोंड उघडं राहिलं. मग डाव टीपॉयवर आपटला.

"लबाड! माझ्या नातवाचा मोबाईल तांदळात, आणि हा इथे गाड्या उडवतोय! सहा महिने मी तांदूळ निवडताना हात घालायची आणि त्या मोबाईलला लागायचा. वर फोन करून विचारायचा, चंद्रा, अजून पुरलाय ना?" त्या हसू लागल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या. "चांगला चालवायचा का गं?"

मैत्रेयी दारात येऊन उभी होती. "शेवटी शेवटी चांगला, अज्जी. पण फार हळू."

"हळूच चालवणार. सायकलसुद्धा हातात धरून चालायचा तो, उतार आला की." चंद्राबाईंनी डोळे पुसले. "कृष्णा, माझं ऐक. मी सकाळी जे म्हटलं ते परत घेते. या पोरीला कुठे पाठवायचं नाही. मरणाऱ्याचं गुपित सांभाळतं का कुणी या वयात? आमच्यात मोठ्या मोठ्या बायकांच्या पोटात दोन दिवस राहत नाही. माझ्याच नाही राहत."

कृष्णात मुलीकडे गेला नाही. तो तिच्याकडे बघत होता. "मी म्हटलं, तू अण्णांना फसवलंस," एवढंच तो शेवटी म्हणाला.

"तुला माहीत नव्हतं, बाबा."

"मला वाचता यायला हवं होतं."

"हे सगळं ठीक आहे," प्रणिता म्हणाली.

ती अजून खिडकीशीच होती. हातात मोबाईल होता.

"ठीक आहे. ती खोटं बोलली नाही. मला बरं वाटलं, किती बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही. पण मी आई आहे, मला पुढचं बघायचंय. नववीत ती पाच तास बसत होती, हेही खरं आहे ना? अण्णांनी तिला बाहेर काढलं, मी नाही. मला नाही जमलं. ॲप घातलं, ओरडले, रडले, डबा लपवला. आता अण्णा नाहीत. उद्या परत तसं झालं तर मी काय करू, ताई? माझ्याकडे घड्याळ लावून शेजारी बसायला तासभर नाही."

हा प्रश्न खरा होता. सकाळची सुखदा असती तर तिनं मान हलवून हो म्हटलं असतं.

"प्रणिता," ती म्हणाली, "हे जूनचं कार्ड. मेचं खालचं अर्धं. हे बघ. या दिवसांत तिच्याशेजारी कुणी बसलेलं नव्हतं."

प्रणितानं कार्डं घेतली. तिनं ती तिरपी धरली नाहीत, तिला त्याची गरज नव्हती. लाल आकडे स्वच्छ दिसत होते. तेराव्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी सहा पस्तीस. ज्या दिवशी दहावीचा निकाल लागला आणि ब्याऐंशी टक्क्यांवरून ती मुलीशी अबोला धरून झोपली, त्या दिवशी सहा पस्तीस. ती आणि कृष्णात ऑफिसच्या कामासाठी एकदमच बाहेरगावी होते, त्या दिवशी घरात मैत्रेयी एकटी होती. त्याही दिवशी सहा पस्तीस. काल सहा चौतीस.

"अण्णांनी तिला थांबवलं नाही गं," सुखदा म्हणाली. "त्यांनी कुणालाच कधी थांबवलं नाही. खिडकीत बसून माणसं स्वतःचं कार्ड मारताना बघत राहिले. मीही आज शिकले. मला वाटायचं, ते पहारा करायचे."

प्रणितानं कार्डं एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळवल्या.

पाचला फोन वाजला. चौघांनी एकदमच मोबाईलकडे पाहिलं, मैत्रेयीनं मात्र जमिनीकडे. कृष्णातनं हात पुढे केला, "मी बोलू?" प्रणितानं मान हलवून नाही म्हटलं आणि बाल्कनीत जाऊन काचेचं दार ओढून घेतलं.

आतून तिची पाठ तेवढी दिसत होती. ती बराच वेळ ऐकत होती. समोरचं माणूस काहीतरी समजावत असावं, मधूनच तिची मान हलायची. कृष्णात दोरीचं टोक बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. चंद्राबाईंनी मैत्रेयीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला होता. तो त्यांनी एकदाही सोडला नाही. मग प्रणिताचे खांदे एकदा वर झाले, खाली झाले, आणि ती थोडंसं बोलली. फार थोडं.

दार उघडून ती आत आली.

"काय म्हणाले?" कृष्णातनं विचारलं.

"म्हणाले, चांगली संधी आहे, अशी जागा पुन्हा मिळत नाही. कारण विचारलं."

"मग?"

"म्हटलं, आमच्या घरात एक खोली आत्ताच रिकामी झालीय." प्रणितानं मोबाईल टीपॉयवर ठेवला. "दुसरी नाही करायची."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी कुणाला मिठी मारली नाही. त्या घराची ती पद्धतच नव्हती. कृष्णात आतल्या खोलीत जाऊन भरून ठेवलेल्या बॅगेचं कुलूप काढू लागला. चंद्राबाई "सरी, सरी, बरं झालं" म्हणत उठल्या. मैत्रेयी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, कुणाला चेहरा दिसू नये म्हणून, आणि तिची ताठ पाठ हळूहळू हलू लागली.

सुखदानं तिला हात लावला नाही. गेला महिनाभर ती स्वतः अशीच भिंतीकडे, खिडकीकडे, फळ्याकडे तोंड करून उभी राहत आली होती, आणि अशा वेळी हात नको असतो, हे तिला ठाऊक होतं. ती जाऊन मुलीच्या शेजारी उभी राहिली, तिच्यासारखीच घराकडे पाठ करून, आणि मग तिलाही रडू आलं.